भाजीचा वाफा आणि तण

नागपूर शहराच्या दक्षिणेस, वर्धा मार्गालगत, मिहान नावाचा विस्तीर्ण परिसर आहे. बहुविध वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय मालकेंद्र आणि विमानतळ, अशा अर्थाच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे एकत्र येऊन हा आटोपशीर शब्द तयार झाला. २००२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे या प्रकल्पाचे काम आहे. एका बाजूस विमानतळाची धावपट्टी, दुसऱ्या बाजूस कारखाने आणि कचेऱ्या, आणि त्यांच्या सोबतीस अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे भव्य रुग्णालय, असे आजचे तेथील दृश्य आहे. परंतु ही भूमी मुळात शेतीची. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव अशा गावांच्या शिवारांतून या प्रकल्पासाठी जमीन घेण्यात आली. शेते गेली, तरी मातीचा गुण गेला नाही. विदर्भाची ती काळीभोर, ओलावा धरून ठेवणारी माती घरामागच्या परसात आजही तशीच आहे, आणि जेथे हातभर जागा व बादलीभर पाणी मिळते, तेथे चार वाफे आखून भाजी पिकवण्याची जुनी सवयही सुटलेली नाही.

परसातील भाजीचा खरा ऋतू म्हणजे हिवाळा. पावसाळा ओसरला, दसरा-दिवाळीचे दिवस आले, की मेथी, पालक, मुळा, गाजर आणि सांबार यांचे बी मातीत पडते. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे बाहेरच्या मुलांस सांगितले पाहिजे. वांगी, टमाटर, फुलकोबी, पत्ताकोबी आणि कांदा यांची रोपे याच सुमारास लावली जातात. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या रात्री तो दहाच्याही खाली जातो. दिवसा मात्र स्वच्छ, कोवळे ऊन असते. पालेभाजीला यापेक्षा सुखाचे हवामान क्वचितच मिळेल.

परंतु जे हवामान मेथीला मानवते, ते इतरांनाही मानवते. वाफ्याला पाणी दिल्यावर आठवड्याभरात मेथीच्या जोडीने कितीतरी अनोळखी अंकुर मान वर काढतात. त्यांना कोणी पेरलेले नसते, कोणी बोलावलेले नसते. हेच तण. आपण लावलेल्या पिकात, आपल्याला नको असताना उगवलेली कोणतीही वनस्पती म्हणजे तण, अशी त्याची साधी व्याख्या आहे. म्हणजे तण ही वनस्पतीची जात नव्हे. ते तिला स्थानामुळे मिळालेले नाव आहे. गव्हाच्या शेतात उगवलेला हरभराही तणच होय. उलट, हिवाळ्यात वाफ्यात आपोआप उगवणारे चाकवत अनेक घरांत आवडीने खाल्ले जाते. हिंदी भाषिक त्याला बथुआ म्हणतात. घोळही अशीच, आणि तिच्याच कुळातील बारीक पानांची चिवळ तर विदर्भात मुद्दाम लावून तिची भाजी केली जाते. तेव्हा तणाचा द्वेष करण्याचे कारण नाही. त्याला ओळखणे मात्र अत्यंत आवश्यक आहे.

तणाने नेमके काय बिघडते? वाफ्यातील अन्न, पाणी, प्रकाश आणि जागा मर्यादित असतात. तण बहुधा पिकापेक्षा लवकर उगवते, लवकर वाढते आणि मुळे लवकर पसरवते. त्यामुळे पिकाच्या वाट्याचे अन्नपाणी त्याच्या हाती लागते. यात सर्वांत अधिक हाल होतात ते कांद्याचे. कांद्याची पात सरळ, नळीसारखी; तिची सावली जमिनीवर पडत नाही, म्हणून तिच्याखाली तण सुखाने वाढते. शिवाय कांद्याची मुळे उथळ आणि त्याची वाढ सावकाश. कोबीची गोष्ट निराळी. तिची रुंद पाने एकदा पसरली, की खालचे तण अंधारात आपोआप दबते. म्हणून अनुभवी माणसे सांगतात, की लावणीनंतरचे पहिले तीस ते पंचेचाळीस दिवस वाफा स्वच्छ ठेवा. रोप लहान असताना त्याला जे मिळाले नाही, ते पुढे कितीही खत घातले तरी भरून निघत नाही.

एवढ्यावरच हानी थांबत नाही. या हंगामाची भाजी थोडी कमी आली, तर ते नुकसान एका वर्षाचे. खरे नुकसान पुढे असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. कारण ते बियांच्या रूपाने मातीत लपलेले असते. गाजरगवताच्या एका चांगल्या वाढलेल्या झाडास पंधरा ते पंचवीस हजार बिया येतात. वाफ्याच्या कडेला अशी केवळ वीस झाडे पिकू दिली, आणि प्रत्येकी पंधरा हजारच बिया धरल्या, तरी तीन लाख बिया त्या मातीत पडतील. वीस झाडे उपटण्यास दहा मिनिटे पुरतात. तीन लाख बियांतून उगवणारी रोपे उपटण्यास किती हिवाळे लागतील?

बिया मातीत कुजून जात असतील, असे कोणास वाटेल. याचा शोध घेण्यासाठी अमेरिकेतील मिशिगन येथील कृषी महाविद्यालयात विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी १८७९ साली एक विलक्षण प्रयोग सुरू केला. वीस बाटल्यांत ओलसर वाळू भरून तीत वीसहून अधिक प्रकारच्या वनस्पतींच्या बिया त्यांनी मिसळल्या. त्यांत बहुतेक तणेच होती, आणि आपली घोळही होती. पाणी आत साचू नये म्हणून बाटल्यांची तोंडे तिरकी खाली करून त्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढावयाची आणि तीतील बिया पेरून पाहावयाच्या, असा तो क्रम होता. बील गेले, त्यांचे शिष्य गेले, तरी प्रयोग चालूच आहे. २०२१ साली एक बाटली काढण्यात आली. प्रकाश लागताच बिया जाग्या होऊ नयेत, म्हणून ती रात्रीच्या अंधारात उकरली गेली. आश्चर्य असे, की सुमारे एकशे चाळीस वर्षे मातीखाली राहूनही त्यांतील काही बियांना अंकुर फुटले. सर्वच तणांच्या बिया इतक्या चिवट नसतात, हे खरे. परंतु माती ही तणाची तिजोरी आहे, आणि या तिजोरीत भर न पडू देणे हेच शहाणपण, हा धडा त्या बाटल्यांनी जगाला दिला.

मिहानच्या परिसरात हा धडा विशेष लागू पडतो. प्रकल्पासाठी घेतलेल्या ज्या जागांवर अद्याप बांधकाम झालेले नाही, त्यांवर नांगर चालत नाही की गुरे फिरत नाहीत. अशा पडीक जागा आणि रस्त्यांच्या कडा म्हणजे गाजरगवताचे माहेरघर. पांढऱ्या बारीक फुलांचे आणि गाजरासारख्या चिरलेल्या पानांचे हे तण मूळचे अमेरिका खंडातील. भारतात त्याचा उपद्रव प्रथम १९५५ च्या सुमारास पुण्याजवळ लक्षात आला. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असावे, असे मानले जाते. पुढे काही दशकांतच ते देशभर पसरले. काँग्रेस गवत हे त्याचे दुसरे नाव. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, आणि परागकणांमुळे काहींना दम्याचा त्रास होतो. त्याचे बी इतके हलके, की ते वाऱ्याने उडते, पाण्याने वाहते, बैलाच्या खुराला आणि मोटारीच्या चाकालाही चिकटते. तेव्हा ज्याचा वाफा अशा पडीक जागेशेजारी आहे, त्याने आपल्या वाफ्याबरोबर कुंपणापलीकडच्या दोन हातांकडेही लक्ष ठेवले पाहिजे.

या तणाला एक नैसर्गिक शत्रू आहे. झायगोग्रामा नावाचा लहानसा भुंगा गाजरगवताची पाने खाऊन जगतो. १९८३ साली तो मेक्सिकोतून बंगळूर येथे आणण्यात आला, आणि पुरेशी परीक्षा झाल्यावर पुढच्या वर्षी शेतांत सोडण्यात आला. पावसाळ्यात हे भुंगे आणि त्यांच्या अळ्या गाजरगवताचा फडशा पाडतात. परंतु थंडी सुरू झाली, की भुंगा मातीत शिरून स्वस्थ पडून राहतो आणि पावसाच्या सरी आल्यावरच बाहेर येतो. याचा अर्थ असा, की हिवाळ्यात हे काम माणसालाच करावे लागते. फुले येण्यापूर्वी, हातमोजे घालून आणि नाकावर रुमाल बांधून गाजरगवत मुळासकट उपटावे. लहान मुलांनी ते उघड्या हातांनी उपटू नये.

पिवळा धोत्रा हेही हिवाळ्यात फोफावणारे तण. त्याची पाने काटेरी, फुले पिवळीधमक, आणि बिया मोहरीसारख्या काळ्या व बारीक असतात. हे साम्य जीवघेणे ठरले आहे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ झाली, तेव्हा अंगावर सूज आणणाऱ्या रोगाने अनेक माणसे आजारी पडली आणि काही दगावली. जेथे मोहरी लावली असेल, तेथे हे झाड फुलण्यापूर्वीच काढून टाकणे श्रेयस्कर.

गाजरगवत, चाकवत, पिवळा धोत्रा ही तणे बियांपासून येतात, आणि बी धरून मरून जातात. त्यांना बी धरू दिले नाही, की त्यांचा वंश त्या जागी हळूहळू खुंटतो. दुसऱ्या जातीची तणे याहून हट्टी असतात. हरळी, लव्हाळा आणि कुंदा ही त्यांतील प्रमुख. हरळीचा एखादा तुकडा ओल्या मातीत राहिला, तरी त्याच्या पेरापेरातून मुळे फुटतात. लव्हाळ्याच्या मुळाशी जमिनीखाली लहान गाठी असतात, आणि त्या बारीक दोऱ्यांनी एकमेकींस जोडलेल्या असतात. वरचा शेंडा ओढला, तर दोरा तुटतो, गाठी आतच राहतात, आणि एकीच्या जागी चार कोंब येतात. कुंदा तर काळ्या मातीत हातभर खोल जातो. अशा तणांचा नुसता शेंडा खुडणे म्हणजे रागावलेल्या माणसाला चिडवण्यासारखे आहे. तथापि ही तणे उष्णतेची भोक्ती आहेत. थंडीत त्यांची वाढ मंदावते. म्हणून कुदळीने खणून, गाठी आणि मुळ्या वेचून काढण्यास हिवाळ्याइतका योग्य काळ नाही. वेचलेल्या गाठी उन्हात पूर्ण सुकवाव्यात. सुकलेल्या गाठीस पुन्हा कोंब येत नाही.

आता प्रत्यक्ष कामाचा क्रम पाहू. पहिले काम बी पेरण्याच्या आधीचे. वाफा दोन-तीन आठवडे अगोदर तयार करून त्याला पाणी द्यावे आणि काहीही न पेरता स्वस्थ बसावे. वरच्या थरातील तणाच्या बिया उगवून येतात. त्या कोवळ्या असतानाच खुरप्याने वरची दोन बोटे माती हलवावी, आणि मग पेरणी करावी. या वेळी खोल खणण्याचा मोह टाळला पाहिजे. कारण खोल खणले, की खालच्या झोपलेल्या बिया वर येऊन जाग्या होतात. पेरणी शक्यतो फोकून न करता ओळीने करावी. ओळीत पेरले, की दोन ओळींमध्ये जे उगवले ते तण, असा निवाडा लहान मुलासही करता येतो.

दुसरे काम निंदणीचे. विदर्भात निंदणीला निंदण म्हणतात, आणि हे काम बहुधा स्त्रियाच करतात. उकिडवे बसून, हातात खुरपे घेऊन, दिवसभर पुढे पुढे सरकत जाणे हे फार कष्टाचे असते. ज्या तणाची दोन पाने आहेत, ते बोटाच्या टोकाने निघते. तेच महिनाभर राहिले, की त्यासाठी कंबर मोडेपर्यंत खुरपे चालवावे लागते. लहान तण काढण्यात उशीर करणे म्हणजे घरातील आईच्या किंवा मजुरीला आलेल्या बाईच्या पाठीवर ओझे वाढवणे होय. दर आठवड्यास एक तास ठरवून दिला, तर परसातील चार-सहा वाफे सहज स्वच्छ राहतात.

निंदणी केव्हा करावी, यालाही शास्त्र आहे. काळी माती ओली असताना चिखलासारखी चिकटते, आणि सुकली की दगडासारखी घट्ट होते. ओल्या मातीत पाय रुततो, सुक्या मातीत तणाचे मूळ तुटून आत राहते. पाणी दिल्यानंतर दोन-तीन दिवसांनी माती ना फार ओली ना फार सुकी, अशी भुसभुशीत होते. या स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतात. वाफशावर ओढलेले तण मुळासह अलगद वर येते. सकाळी दव ओसरल्यावर हे काम करावे, म्हणजे उपटलेले तण दुपारच्या उन्हात सुकून जाते. घोळीसारखी मांसल तणे मात्र वाफ्यात टाकू नयेत. ओल लागताच ती पुन्हा मूळ धरतात.

तिसरे काम आच्छादनाचे. प्रकाश मिळाला नाही, तर अनेक तणांच्या बिया उगवत नाहीत, आणि उगवल्या तरी वर येत नाहीत. म्हणून वांगी, टमाटर, कोबी यांच्या रोपांभोवती वाळलेल्या काडीकचऱ्याचा चार बोटे जाड थर पसरावा. पूर्व विदर्भात धानाच्या पेंढ्यास तणस म्हणतात. ते यासाठी उत्तम. सोयाबीनचे कुटारही चालते. हे आच्छादन रोपाच्या खोडास मात्र चिकटू देऊ नये. त्याने तण दबते, ओलावा टिकतो आणि पाण्याची पाळी लांबते. मेथी-पालकासारख्या दाट पेरलेल्या भाजीस अशा थराची गरज नसते. ती स्वतःच जमीन झाकते.

संक्रांत उलटली, की चौथे काम येते, आणि तेच बहुतेक लोक विसरतात. या सुमारास पालेभाज्या काढून झालेल्या असतात. रिकाम्या वाफ्याकडे कोणाचे लक्ष नसते, आणि ऊन तापू लागल्याने तणे घाईघाईने फुलावर येतात. माणसाचे काम संपले, असे वाटते, तेव्हाच तणाचे काम सुरू होते. म्हणून होळीपर्यंत आठवड्याची फेरी सोडू नये. वाफा, पाण्याची चारी, कुंपणाची कड, उकिरड्याची जागा, अशी चारही ठिकाणे पाहावीत. आणि कोठेही तणाचे फूल दिसले, तर ते बीज होण्याआधी काढावे.

उपटलेल्या तणाचे काय करावे? फूल न आलेले तण हे उत्तम खत होय. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण पांढरीपांडे यांनी काडीकचरा, थोडे शेण आणि माती यांपासून खत करण्याची एक पद्धत बसवली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे विटांचे टाके बांधावयाचे, हवा खेळण्यासाठी भिंतीत झरोके ठेवावयाचे, आणि थरावर थर देऊन ते लिंपून टाकावयाचे. तीन-चार महिन्यांत त्यातून उत्तम खत मिळते. ही पद्धत त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप म्हणून देशभर प्रसिद्ध झाली. ज्या तणाने वाफ्यातील अन्न खाल्ले, तेच अशा रीतीने वाफ्याला अन्न परत देते. बी धरलेले तण आणि लव्हाळ्याच्या गाठी मात्र खतात घालू नयेत. कच्चे शेणही वाफ्यात टाकू नये. गुरांनी खाल्लेल्या गवताच्या कित्येक बिया त्यातून जिवंत बाहेर येतात.

तणनाशक औषधे बाजारात मिळतात, आणि मोठ्या शेतांत जाणकारांच्या सल्ल्याने ती वापरली जातात. परंतु परसातील वाफ्यात मेथीशेजारी मुळा आणि मुळ्याशेजारी टमाटर असतो. एकाला चालणारे औषध दुसऱ्याला मारक ठरते, आणि ती भाजी तर आठ दिवसांत ताटात यावयाची असते. तेथे खुरपे, आच्छादन आणि नियमितपणा हीच खरी औषधे. मुलांनी अशा रसायनांना हातही लावू नये.

दोन शेजाऱ्यांचे वाफे डोळ्यांसमोर आणावेत. माती एक, पाणी एक, बीही एकाच दुकानातील. एकाने दर आठवड्यास तासभर निंदणी केली. दुसऱ्याने होळीच्या आधी एकदाच, पण दिवसभर राबून वाफा साफ केला. त्या दिवशी दोन्ही वाफे सारखेच स्वच्छ दिसतील. परंतु दुसऱ्याच्या तणाचे बी तोवर झडून गेलेले असेल. पुढच्या दसऱ्याला पहिले पाणी मिळताच मातीच खरे काय ते सांगेल. शिवाय त्याचे बी केवळ त्याच्याच वाफ्यात राहिलेले नसेल. वाऱ्याने ते शेजाऱ्याच्या कष्टांवरही पडलेले असेल. आपला वाफा स्वच्छ ठेवणे हे म्हणूनच शेजारधर्माचेही काम आहे. मिहानच्या आकाशातून विमाने जातयेत राहतील, नव्या इमारती उठतील. परंतु त्यांच्या पायथ्याशी हातभर काळी माती ज्याच्या वाट्याला आली आहे, त्याने ती पुढच्या पिढीच्या हाती देताना तीत बियांचे कर्ज ठेवू नये.

अभ्यास

१. तण म्हणजे काय? 'तण ही वनस्पतीची जात नव्हे' हे विधान दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

२. कांद्याच्या वाफ्यात तणाचा त्रास अधिक का होतो? कोबीच्या वाफ्यात तो कमी का होतो?

३. विल्यम बील यांचा प्रयोग तुमच्या शब्दांत सांगा. त्यावरून कोणता बोध मिळतो?

४. कारणे द्या : (अ) लव्हाळ्याचा नुसता शेंडा ओढू नये. (आ) पेरणीपूर्वी वाफा खोल खणू नये. (इ) संक्रांतीनंतरही निंदणी थांबवू नये.

५. वाफसा, निंदण, तणस, कुटार, सांबार या शब्दांचे अर्थ लिहा. तुमच्या गावी त्यांना दुसरे शब्द असल्यास तेही लिहा.

६. एका कुंडीत मेथीच्या दहा बिया पेरा, आणि दुसऱ्या कुंडीत काही न पेरता नुसते पाणी घाला. पंधरा दिवस निरीक्षण करून दोन्ही कुंड्यांत काय उगवले, त्याची नोंद ठेवा.

७. 'आपला वाफा स्वच्छ ठेवणे हे शेजारधर्माचेही काम आहे' या वाक्याचा अर्थ आठ-दहा ओळींत विशद करा.